दिव्यापलीकडचा काळोख

वागादुगू,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. सियाकामामांस,
कोरोतुमूचा सलाम. वि. वि.

हे पत्र बोबोच्या बसबरोबर पाठवते आहे, पार्सलच्या खिडकीवरून उचलून घ्या. फोन का केला नाही असं तुम्ही विचारणार नाही. फोनवर भांडण नीट होत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मला भांडायचं आहे.

बातमी अशी की 'विहिरीची वाट' माझ्या टेबलावर आला आहे. तुम्ही छायालेखन केलेला, मी तान्ही असताना चित्रित झालेला, तोच. निगेटिव्ह इतकी वर्षं परदेशात एका शीतखोलीत पडून होती, ती आता नव्यानं स्कॅन केली आहे. घरोघरी टीव्हीवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीनं तो घेतला, त्यांना तो एचडीआरमध्ये, त्या नव्या जास्त तेजाच्या टीव्हींच्या पद्धतीत, हवा आहे, आणि उजेड-रंग बसवायचं काम माझ्याकडे आलं आहे. दिग्दर्शक आता नाहीत, म्हणून शेवटची सही छायालेखकाची. म्हणजे तुमची.

नाक मुरडण्याआधी ऐका. लहानपणी मी तुमच्या सिनेमाची जुनी प्रत पाहिली, त्यात आपली माणसं म्हणजे नुसते दात आणि डोळे होते. दोष तुमचा नव्हता. फिल्म दुसऱ्यांच्या कातडीसाठी बनवलेली, तिला आपल्या गालावरचा उजेड कळायचा नाही. पण निगेटिव्हमध्ये सगळं आहे! परवा दिव्याचा प्रसंग काढला. नवऱ्याची वाट बघत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली बाई, समोर रॉकेलचा दिवा. गालानं उजेड धरावा म्हणून तुम्ही तिला चोळायला लावलेलं शियाच्या बियांचं लोणी मला दिसलं, मामा. पूर्वी ज्योत राखली तर गाल जायचा, गाल राखला तर ज्योत पांढरीफटक व्हायची. आता दोन्ही राहतात. मग या पद्धतीवर तुमचा राग का?

इथे धुळीचा वारा अजून सरलेला नाही, सगळं शहर खोकतं आहे. तुमच्या गुराखी जावयानं, अमादूनं, दोन जमातींच्या जुन्या थट्टेला जागून आपल्या बोबो गुलामाला सलाम सांगितला आहे आणि पहिले आंबे कुणाच्या घरी पोचायला हवेत याची आठवण करून द्यायला सांगितलं आहे.

मामींना सलाम. लोभ आहेच, तो असाच भांडत राहो.

तुमची,
कोरोतुमू

---

बोबो-जुलासो,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. कोरोस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्या दूधचोराला सांग, आंबे अजून कच्चे आहेत, आणि पिकले तरी गुराख्यांनी झाडाखाली वाट बघायची असते.

आता तुझा प्रश्न. गेल्या बकरीदला तुमच्या नव्या टीव्हीवर तू मला मोठ्या हौसेनं तीन सिनेमे दाखवलेस. पहिल्यात खिडकीतून ऊन आलं ते थेट माझ्या डोळ्यांत घुसलं. खोलीत एक मुलगी रडत होती आणि मी खिडकी बघत बसलो. दुसऱ्यात एवढा काळोख, की तुझ्या मामीनं उठून पाहिलं, वीज गेली की काय. तिसऱ्यात कोपरान्‌कोपरा लख्ख, औषधाच्या दुकानासारखा. तू म्हणालीस या तीन शैली आहेत. मला वाटलं, तिघांनाही आपल्याकडची नवी वस्तू दाखवायची घाई झाली आहे.

आमच्याकडे दिवे थोडे, फिल्म थोडी. म्हणून प्रेक्षकानं आधी कुठे बघायचं आणि कुठे बघायचंच नाही, हे आम्ही आधी ठरवत असू. काळोख आपोआप पडत नसे, तो मी रचत असे. तुमची पद्धत डोळ्याला सगळीकडे एकदम बोलावते. ज्योतच जर बाईपेक्षा जास्त बोलायला लागली, तर बाईचं कोण ऐकेल?

गालाचं मात्र मान्य. ते लोणी लावायला नटी तयार नव्हती, वास येतो म्हणून तासभर रुसली होती. ते वाया गेलं नाही हे बरं झालं.

एक गोष्ट नीट ऐक. दिव्याच्या प्रसंगात, दिव्याच्या पलीकडे उजवीकडे जो काळोख आहे, त्याला हात लावायचा नाही. बाकी प्रत्येक शॉटवर मी तुझ्याशी वाद घालीन आणि कदाचित हरेनही. यावर वाद नाही. कारण विचारू नकोस.

मामी म्हणते तू जेवत नाहीस. तिला इथे बसून कसं कळतं ते तिलाच विचार.

तुझा,
सियाकामामा

---

वागादुगू,
८ मार्च २०२४

ती. मामांस,
कोरोतुमूचा सलाम. वि. वि.

आधी तुमचा विजय सांगते, म्हणजे पुढचं वाचायला तुमचा मूड बरा राहील. ज्योत मी खाली आणली, मंद केली. पहिल्यांदा तिला होती तेवढी तेजाळू दिली होती, कारण यंत्र देऊ शकत होतं. तुमचं पत्र वाचून परत पाहिलं, आणि खरंच, मी बाईकडे बघतच नव्हते. आता ज्योत तिच्या गालापेक्षा जेमतेम वर आहे. इथल्या पोरांनी विचारलं की मग एवढं महागाचं एचडीआर कशाला. मी म्हटलं, बोबोला एक म्हातारा आहे, त्याला विचारा.

आता दुसरं. कंपनीचा निरोप आला आहे. दिव्याच्या प्रसंगात उजवीकडचा काळा भाग त्यांना मेलेला वाटतो. बघणाऱ्याला टीव्ही बिघडल्यासारखं वाटेल, तो उघडा, तिथे झोपडीची भिंत तरी दिसू दे, असं म्हणतात. तिथे काहीच नाही हे त्यांना दाखवावं, आणि खरं सांगते, तुमचा हट्ट नुसता हट्ट आहे हे तुम्हालाही दाखवावं, म्हणून मी तो कोपरा थोडा वर उचलला, उजळून पाहिला.

मामा, बाळाच्या पावलावर एक हात आहे.

नटीचा एक हात बाळाच्या पाठीखाली आणि दुसरा दिव्याच्या वातीपाशी. हा तिसरा हात आहे. आणखी थोडं उचललं तर एक खांदा आला, डोक्याला बांधलेल्या फडक्याची कड आली. तिथे मी थांबले. लगेच वीजही गेली. रंग तपासायच्या त्या काळ्या भिंतींच्या खोलीत जनरेटर सुरू होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

ते बाळ म्हणजे मी, हे मामी येईल त्या पाहुण्याला सांगत आल्या आहेत. माझ्या पावलावर हात ठेवून काळोखात कोण बसलं आहे? तुम्ही कारण विचारू नकोस म्हणालात. मी विचारते. उत्तर येईपर्यंत पुढे उचलणार नाही. काम ईदच्या आधी पाठवायचं आहे, एवढं ध्यानात असू द्या.

लोभ असावा, आणि या वेळी उत्तरही असावं.

तुमची,
कोरोतुमू

---

बोबो-जुलासो,
१७ मार्च २०२४

चि. कोरोस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ती तुझी आई. बिंतू.

सिनेमासाठी ठरवलेलं बाळ तापानं आजारी पडलं. दुसऱ्या दिवशी सगळा चमू उठून परत निघणार होता, म्हणून मी बहिणीची मुलगी नेली. तू नटीच्या मांडीवर क्षणभर राहीनास. गळा असा काढायचीस की ध्वनिमुद्रकानं कान झाकून घेतले. आईचा हात पायाला लागला की मात्र गप्प. तेव्हा बिंतूला मांडीलगत, दिव्याच्या पलीकडे बसवायचं ठरलं.

ती तयार होईना. तिचा एकही फोटो का नाही, याची लोकांनी तुला नाना कारणं सांगितली असतील. तुझ्या वडिलांनी मना केलं, कुणाची नजर लागेल, वगैरे. तसलं काही नव्हतं. ती म्हणायची, मला बघायचं असेल त्यानं घरी यावं, बसावं, दोन घास खावेत. ओळखपत्रालासुद्धा गेली नाही. भाऊ कॅमेरावाला आणि बहिणीचं चित्र नाही, म्हणून सगळी आळी मला हसायची.

मी तिला शब्द दिला. म्हटलं, कॅमेरा तुला बघणार नाही आणि मीही बघणार नाही. टोमॅटोच्या डब्याचा पत्रा कापला आणि दिव्याच्या काचेमागे तारेनं बांधला, उजेड तिच्या अंगावर जाऊच नये म्हणून. दिग्दर्शक म्हणाला, अर्धी चौकट मारून टाकलीस. मी म्हटलं, हीच माझी शैली आहे. त्या दिवसापर्यंत माझी काही शैली नव्हती, कोरो. पुढे लोकांनी त्या काळोखाचं कौतुक केलं आणि मी ते मुकाट्यानं घेत गेलो.

प्रत आली तेव्हा मी पडद्याजवळ जाऊन तो कोपरा पाहिला. काळा होता. पुढच्याच वर्षी बिंतू गेली. तुला नीट चालता येत नव्हतं.

फिल्मनं तिला पाहिलं, हे आज तुझ्याकडून कळतं आहे.

तुला काय सांगू? शब्द मी दिला होता, तू नाही. आईचं तोंड बघू नकोस असं तुला सांगणारा मी कोण? पण मुलखामुलखांतल्या लोकांनी जेवता जेवता तिच्याकडे बघावं, हे मात्र होऊ देऊ नकोस. सहीचा कागद टेबलावर तसाच ठेवला आहे. तू काय ठरवतेस ते कळल्यावर बघू.

रोजे सुरू झाले. उन्हाचं तुला सोसतं का, मामी विचारते आहे. पहिले आंबे याच बसनं पाठवले आहेत. दूधचोराला दोनच दे.

तुझा,
सियाकामामा

---

वागादुगू,
२ एप्रिल २०२४

ती. मामांस,
कोरोतुमूचा सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी कंपनीशी भांडण संपवायचं होतं. क्रमानं सांगते.

तुमचं पत्र आलं त्या रविवारी मी एकटीच कामावर गेले. फोन बाहेर अमादूकडे ठेवला. त्यानं का म्हणून विचारलं नाही, आणि तो न विचारणारा माणूस नाही हे तुम्ही जाणताच. दार लावलं आणि कोपरा वर उचलला.

पहिली गोष्ट, तुमचा पत्रा चुकला नव्हता. त्याची सावली अजून रेघ मारल्यासारखी सरळ आहे. दिव्याचा उजेड तिच्याकडे गेलाच नाही. तो पडला मला गुंडाळलेल्या पांढऱ्या कापडावर, आणि तिथून उलटून तिच्या तोंडावर गेला. तुम्ही तिला नीट लपवलं होतंत, मामा. तिच्यावर उजेड टाकला तो मी.

दुसरी गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. सुरुवातीला ती मान खाली घालून बसली आहे. कपाळ माझं आहे, मामी म्हणतात ते खरं. मग नटी बोलायला लागते. शॉट लांबलचक आहे, कॅमेऱ्यामागे तुम्ही श्वास रोखून उभे असणार. आणि ती मान वर करते, सरळ तुमच्याकडे बघते, नाक आक्रसते आणि जीभ काढून दाखवते. पूर्ण जीभ! आणि लगेच पुन्हा अशी गंभीर होते की जणू मशिदीत बसली आहे. हात मात्र माझ्या पावलावरून हलत नाही.

तुम्हाला दिसणार नाही याची तिला एवढी खात्री होती. मी खूप हसले. मग जे झालं ते लिहीत नाही.

त्यानंतर मी कोपरा बंद केला. तुम्हाला वाटतं एचडीआर म्हणजे उजेड वाढवायचा खेळ. तो जितका उजेडाचा आहे तितकाच काळोखाचाही. जुन्या पडद्यावर काळं म्हणजे करडंच असायचं, आता काळं खरोखर काळं करता येतं. तो कोपरा आज तुमच्या प्रतीत होता त्याहून गडद आहे. हातही गेला. पण बाळ गप्प का आहे ते आता मला माहीत आहे.

कंपनीला लिहिलं की तो काळोख छायालेखकानं रचलेला आहे, उघडायचा असेल तर माझं नाव काढून उघडा. पुष्कळ लिहालिही झाली. शेवटी त्यांच्यातल्याच एका बाईनं कळवलं की तिनं तो प्रसंग पुन्हा पाहिला, आणि नटीच्या गालावरून नजर हटली नाही, कोपरा ध्यानातच आला नाही. त्या खाली आणलेल्या ज्योतीचं श्रेय तुमचं, ते मी गुपचूप माझ्या नावावर घेतलं.

काम शनिवारी जाईल. तोवर एक कळ दाबली की ती दिसते. मामा, बसनं या. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी बोलावणार नाही.

लोभ असू द्या, आणि पिशवी आजच भरा.

तुमची,
कोरो

---

बोबो-जुलासो,
४ एप्रिल २०२४

चि. कोरोस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

सही करून कागद सोबत पाठवतो आहे. घडी मोडू नये म्हणून मामीनं पुठ्ठ्यात घातला आहे.

मी येणार नाही. पिशवी भरली होती, हेही सांगून टाकतो. भरून झाल्यावर खाटेवर बसलो आणि आठवलं की मीही बघणार नाही, असं तिला म्हणालो होतो. त्यात जिभेपुरती सवलत नव्हती. तू काम पाठव आणि कोपरा तसाच राहू दे. काळोख तू रचलास, माझ्यापेक्षा चांगला रचलास, वाद संपला.

जिभेचं मामीला वाचून दाखवलं. मला वाटलं तिचे डोळे भरतील. ती म्हणाली, त्यात नवल काय? तुम्ही पाठ फिरवलीत की बिंतू नेहमीच तसं करायची, सगळ्या घराला ठाऊक होतं. म्हणजे मीच तेवढा राहिलो होतो. काल दुपारपासून ती मधेच थांबते आणि हसते. आज शेजारीणही हसत होती, म्हणजे बातमी आळीत पोचली.

ईदला तू आणि दूधचोर येणारच आहात. जेवणं झाली की, वीज असली तरी, आपण रॉकेलचा दिवा लावू. मी या बाजूला बसेन, तू पलीकडे बस, आणि ती कसं करते ते मला करून दाखव.

या खेपेला मी पत्रा बांधणार नाही.

वाट बघतो.

तुझा,
सियाकामामा