सत्तर टक्के सिग्नल

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं माझ्या संस्कृतच्या पदवीला शोभत नाही. तरी लिहितेय, कारण आज सकाळपासून तुझ्या अँटेनावर समुद्रापलीकडचं स्टेशन एकदाही न तुटता दिसतंय, आणि मला त्याची भीती वाटतेय.

तूच सांगायचास ना? पाण्यावर गरम हवेचा थर दाबून बसला की लांबच्या लहरी त्याखालून सरपटत येतात. “चित्र फार स्वच्छ झालं की आभाळाकडे बघ, नंदे!” बघितलं. पांढरंफटक आहे. तीन दिवस वारा पडलाय, आणि उद्या वादळ मस्कतला धडकणार असे इशारे फोनवर येतायत.

मस्कतमधली आपली अख्खी घुब्रा वस्ती मोबाईलवर मालिका बघत होती आणि तू पलीकडच्या गाला भागातल्या वर्कशॉपमधून अॅल्युमिनियमच्या नळ्या आणून, ज्यांतला एक शब्द कळत नाही अशा बातम्या पकडत होतास! खांब उंच केलास. बूस्टर टीव्हीपाशी नको, वर अँटेनाजवळच हवा, हे मला दहादा ऐकवलंस. दूरचं एवढं दर्शन, पण समोर वहिनी जेवायची थांबलीय, ते नाही दिसायचं, का रे?

त्या दुपारीही तेच. तू गच्चीवर, मी टीव्हीसमोर, फोन स्पीकरवर.

“किती टक्के?”

“चाळीस. अजून डावीकडे.”

“आता?”

“सत्तर! दादा, थांब, हलवू नकोस!”

“खलास,” तू म्हणालास.

इथं दिवसातून पन्नासदा कानावर पडणारा शब्द. काम झालं, खलास. मी “यल्ला, चल, ये खाली” म्हणून फोन ठेवला आणि चहा टाकला. अर्ध्या तासाने वर आले तेव्हा तू खांबाला टेकून बसला होतास, हातात पाना तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. लगेच कोणी पोचलं असतं तर कदाचित...

आवाज बसला होता तुझा. तो इथला खलास नव्हताच, दादा. माणूस संपत आला की आपल्या गावाकडे म्हणतात, तो होता. वर्गात मी वर्षानुवर्षं श्लेष शिकवते, एका शब्दाचे दोन अर्थ, आणि घरचाच श्लेष मला कळला नाही! तूही सरळ “नंदे, धाव” म्हणायचंस की. मितभाषी व्हायची हीच वेळ सापडली?

वहिनीला मी पहिलाच अर्थ सांगितला. काम पुरं करून समाधानाने गेलास, असं. ती त्यावरच जगतेय. आता शिडी काढून बसलीय.

“वन्सं, अँटेनाचा खांब ताणून धरणारी एक तार सैल पडलीय. वारा सुटायच्या आत मीच आवळते.”

“वहिनी, तिचा हूक पार गंजलाय. खांब अंगावर येईल तुझ्या! उतरवून टाकू.”

“ह्यांनी पुरं केलेलं शेवटचं काम ते. मी मोडू? ऊन जरा उतरलं की जाते.”

ऊन उतरायला लागलंय, दादा. शेजारच्या खोलीत ती तुझी हत्यारांची पेटी उघडतेय. वर खांबाच्या बाकीच्या तारा वाऱ्याने आत्ताच गुणगुणायला लागल्यात.

मी उठते. तुझं ‘खलास’ म्हणजे काम पुरं झालं असं नव्हतं, तू मला हाक मारलीस आणि मी चहा उकळत होते, हे तिला सांगते. नंतर ती माझं तोंड बघणार नाही कदाचित. न बघो. पण त्या शिडीवर तिचा पाय पडणार नाही, हा माझा शब्द.

तुझी, फार उशिरा ऐकू येणारी,
नंदा