पन्नाशीचा तुटलेला सूर

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा रागातलाच नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

काल आमच्या वृंदगान संस्थेला पन्नास वर्षं झाली. संचालकांनी मंचावरून इतिहास वाचला. शेजारणीने श्वास घेतला की आपण गात राहायचं, म्हणजे लांब सूर तुटत नाही, ही तू इथे शिकवत असताना लावलेली शिस्त त्यांनी खुशाल स्वतःच्या नावावर खपवली. मेल्याला लाज कशी ती नाही!

मागच्या रांगेतल्या आम्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटच्या लांब सुराला सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. सूर मधेच तुटला.

संस्थेतली माझी नोकरी बहुतेक जाईल, बाबांना एवढ्यात सांगू नकोस. पण तुझ्याशिवाय तो सूर कसा लागतो, ते काल सगळ्यांनी ऐकलं.

तुझीच,
भांडकुदळ