पट्टी न वाचता पाहिलेला ऑपेरा

२ मार्च
चहाच्या वेळी साहेब सहज म्हणाले की त्यांना ऑपेराची आवड आहे. मी लगेच म्हणालो, मलाही. निघून गेलं तोंडातून. पण याला खोटं म्हणता येणार नाही. आवड असायला ऑपेरा ऐकलेलाच असावा असं कुठे आहे? आवड आधी, ऐकणं मागाहून.
साहेब जूनअखेर रिटायर होतात. पाणीपुरवठ्याची ही खुर्ची कुणाला द्यायची, ते त्यांच्याच शिफारशीवर ठरणार. सीनियॉरिटीने मी. अनुभवाने मी. दुसरं नाव फक्त नकाशेवालीचं. ती पाइपलाइनच्या नकाशांचा सेक्शन बघते. कानामागून आली आणि तिखट झाली. सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचते, त्यामुळे तिच्याकडे कामं तुंबतात. माझ्या टेबलावर कागद बूडही टेकवत नाही.
संकल्प: महिन्याभरात ऑपेराचा दर्दी होणे.

५ मार्च
घोडामैदान जवळ आलं. साहेबांच्या बाईंची, म्हणजे मिसेसची, धाकटी बहीण कोरसमध्ये गाते, म्हणून पास येणार. ऑपेरा गेल्या शतकातला, बसवलाय मात्र नव्याने. साहेब म्हणाले, एवढी आवड आहे तर दोघं या.
मेहुण्याकडून रेकॉर्डिंग मागवलं. तो म्हणाला, भाऊजी, हे विनोदी आहे बरं का. मेहुण्याला माझ्या लग्नाचे फोटोही विनोदी वाटतात. लक्ष दिलं नाही.

९ मार्च
ऐकतोय. भाषा कळत नाही, ते एका अर्थी बरंच आहे. दुसऱ्या अंकात जाड आवाजाच्या पुरुषाचं एक संथ गाणं आहे. अंगावर काटा आला. विचारांती असं ठरवलं की म्हातारा सेनापती आपल्या मेलेल्या घोड्याचा निरोप घेतोय. मागे ड्रम वाजतो तो टापांसारखाच.
आमची ही म्हणाली, फोनवर अर्थ शोध ना, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, अर्थ वाचून गाणं ऐकणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास खाणं. वाक्य चांगलं जमलं. ऑफिससाठी राखून ठेवलं. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

१५ मार्च
घासाचं वाक्य आज वापरलं. साहेब वा म्हणाले. पुन्हा एकदा म्हणायला लावून त्यांनी ते लक्षात ठेवलं.
नकाशेवालीने ऑपेराचं नाव विचारलं. म्हणे आधी माहिती वाचते, मग तिकीट काढते. बिचारी. कला ही काय व्हॉल्व्हची दुरुस्ती आहे?
लोखंड तापलेलं होतं म्हणून तिथेच जाहीर केलं की साहेबांच्या निरोपसमारंभात हेच गाणं लावायचं. साहेबांचे डोळे भरून आले. किंवा सर्दी असेल. पण परिणाम झाला.

२१ मार्च
दर्दी माणूस योग्य जागी रडतो. बाथरूमच्या आरशासमोर सराव चालू. उजवा डोळा लवकर भरतो, डाव्याला वेळ लागतो. साहेबांना डाव्या हाताला बसवलं तर पंचाईत. हिने दार वाजवून विचारलं, बरं वाटत नाही का? बरं वाटतंय म्हणून रडतोय, हे दाराआडून सांगणं कठीण होतं.

२८ मार्च, दुपार
तीनचा शो. कोटाचं बटण लागत नाही. उघडा कोट जास्त कलासक्त दिसतो.
हिला बजावलं: रंगमंचाच्या वर एक काळी पट्टी असते, तिच्यावर गाण्याचे अर्थ आपल्या भाषेत येतात. तिकडे बघायचं नाही. दर्दी लोक बघत नाहीत. ही म्हणाली, मी वाचणार. निदान ओठ हलवून वाचू नकोस म्हणालो.

२८ मार्च, संध्याकाळ
विजय.
सविस्तर: पडदा उघडला तर किल्ला नाही, छावणी नाही. चक्क ऑफिस. कपाटं, पंखा, मधोमध एक मोठी फिरती खुर्ची. नव्या दिग्दर्शकांचा हा आगाऊपणा. पण घोड्याच्या जागी खुर्ची, हे प्रतीक मी तेवढ्यात ओळखलं. जाडा गायक पूर्ण वेळ त्या खुर्चीत. हळूहळू चारी बाजूंनी निळं कापड वर यायला लागलं. म्हणजे आकाश. आत्म्याचं वगैरे.
लोक फार हसत होते. हल्ली प्रेक्षकांची पातळी घसरली आहे. हीसुद्धा खो खो हसत होती, पलीकडे साहेबांच्या बाईही. मी एकदाही पट्टीकडे पाहिलं नाही. मोठं गाणं आलं तेव्हा उजवा डोळा वेळेवर भरला आणि साहेब बरोबर उजव्या हाताला होते.
मध्यंतरात कॉफीच्या रांगेत मुद्द्याला हात घातला. म्हणालो, साहेब, त्या खुर्चीतल्या माणसाच्या जागी मला सारखे तुम्हीच दिसत होता. तीच ऐट, तीच स्थिरता. ही माझी बाही ओढत होती. तिलाही कॉफी हवी असणार. मी पुढे म्हणालो, आपल्या ऑफिसातही सगळ्यांना हेच वाटतं. बाईंना इतकं हसू आलं की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. साहेब बुटांकडे बघत राहिले. इतकं गहिवरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

३१ मार्च
साहेबांनी तीन दिवस चहाला बोलावलं नाही. भावना ओसरायला वेळ लागतो.
नकाशेवालीही प्रयोग बघून आली. जिन्यात भेटली तेव्हा ओठ घट्ट मिटून नमस्कार केला. मत्सर.

४ एप्रिल
आज हिने सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. इस्त्री करता करता सांगितलं, तेही माझ्याच कोटाला.
घोडा नाही. सेनापती नाही. तो एका गावाचा मुख्य अधिकारी आहे. गावात पूर येतो आणि हा खुर्चीतून उठत नाही. निळं कापड म्हणजे पाणी. माझं गाणं तो खुर्चीला उद्देशून म्हणतो. हिला ते पाठ झालंय: पाणी आलं गुडघ्याला, पण फाईल आली नाही टेबलाला.
मी विचारलं, तेव्हाच का सांगितलं नाहीस? ही म्हणाली, तूच म्हणालास, चावलेला घास नको. मग म्हणाली, कितीतरी वर्षांनी मी इतकी हसले. मला वाईट वाटलं. कशाचं ते नीट कळलं नाही.
संकल्प: उद्या साहेबांना भेटून एका वाक्यात सावरून घेणे.

५ एप्रिल
एका वाक्यात सावरलं नाही. साहेबांना म्हणालो, तो ऑपेरातला माणूस मूर्ख आहे, तुम्ही तसे मुळीच नाही. तो कागद न वाचता बसून राहतो. तुम्ही कागद न वाचता निदान सही तरी करता.
बाहेर येऊन वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. जमलं नव्हतं.

१२ एप्रिल
शिफारस गेली. नकाशेवालीची.
साहेबांनी मला आत बोलावून स्वतः सांगितलं, हा त्यांचा चांगुलपणा. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तुम्ही मला त्या दिवशी खरं बोललात, तेही तोंडावर. घरी जाऊन विचार केला. तुम्ही पुढे कराल त्यावर मी सही करतो आणि वरून येईल ते तुम्ही पुढे करता. मध्ये कुणी वाचतच नाही. निदान ती वाचते. मग त्यांनी माझे आभार मानले आणि खरोखर हात मिळवला.
मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?
नकाशेवालीचं अभिनंदन केलं. पेढे मागितले नाहीत. ती म्हणाली, तुमची मदत लागेल हं. लागेल म्हणालो.

१८ एप्रिल
शेवटचा प्रयोग. एकटाच गेलो, वरच्या मजल्यावर अगदी मागे. ही येते म्हणत होती. नको म्हणालो. या वेळी मानेला रग लागेपर्यंत सगळी पट्टी वाचायची असं ठरवून बसलो.
वाचली. चांगली लिहिली आहे. पण मोठ्या गाण्यात ना रडू आलं ना हसू. म्हणून पट्टीवरून नजर काढून खाली पाहिलं, तर खुर्चीच्या मागे एक माणूस. पहिल्या दिवशी हा मला दिसलाच नव्हता. तेव्हा माझा एक डोळा जाड्याकडे आणि एक साहेबांकडे.
हा माणूस सुरुवातीपासून तिथेच उभा असतो. एका हातात खुर्चीतल्या साहेबांवर धरलेली छत्री, दुसऱ्या हातात कागद. त्याला एकच शब्द गायचा आहे. तो गायला की पट्टीवर येतं: हो. साहेब वर खुर्चीत, हा खाली जमिनीवर, म्हणून पाणी आधी याला लागतं. कमरेला आलं, हो. छातीला आलं, हो. शेवटी होडी येते आणि साहेबांना घेऊन जाते. खुर्ची रिकामी होते. कापड याच्या नाकाला टेकलेलं. चढून बसला तर वाचेल. तो खुर्चीकडे बघतो, होडी गेली त्या दिशेला बघतो, पुन्हा खुर्चीकडे बघतो. बस म्हणणारं कुणी नसतं. तो छत्री नीट धरतो आणि उभा राहतो.
सगळं थिएटर या जागी सर्वांत जास्त हसलं. माझ्या शेजारच्या आजी डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाल्या, असा माणूस असतो का कुठे?
मी म्हणालो, हो.