हिलॉक म्हणजे ढीग नव्हे

३ फेब्रुवारी

ठरलं! उद्यापासून अप्पांना रोज दुपारी एक तास शिकवणी. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेलीय. ती परत शिकवायला आठवड्यातून दोनदा एक ताई येतात — मी त्यांना वाचाताई म्हणते. त्या म्हणाल्या, "घरच्यांनीही सराव घ्या हो. एकच शब्द घेतलात तरी चालेल."

एकच ना? माझा शब्द तयार आहे. छत्तीस वर्षं तयार आहे.

हिलॉक.

४ फेब्रुवारी

लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल.

सहावीत आमच्या वर्गाला इंग्रजी अप्पाच शिकवायचे. त्यांचा नियम — आधी शब्दाचा अर्थ सांगायचा, मग त्याचं एक वाक्य, आणि वाक्य खरं हवं. मनचं काही चालायचं नाही. मी ऐटीत उठले आणि इंग्रजीत म्हटलं, आमच्या घरामागे एक हिलॉक आहे. होताच की! विहीर खणताना निघालेली माती, वर गवत माजलेलं. मी रोज त्यावरून घसरायची.

"हिलॉक म्हणजे जमिनीचाच उंचवटा. लहानशी टेकडी. माणसाने ओतला तो नुसता ढीग! तुझ्या डोक्यात भरलाय तसा." वर्ग खदाखदा हसला. मग पट्टी, दोन्ही तळहातांवर सहा-सहा. वर्षाच्या शेवटी इंग्रजीत दोन मार्कांनी नापास. पोटच्या पोरीला! सगळ्यांना केवढं कौतुक — "मास्तरांकडे वशिला नाही हं." पुढच्या वर्षी परत नापास, आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता खालच्या खोलीत बसून लोकांच्या पोरांचे गणवेश शिवते.

आज पहिला तास झाला. नर्सबाई दुपारी एक वाजता जातात. त्या गेल्या की सूप घेऊन वर गेले. स्टूल पलंगाशी, वाटी माझ्या मांडीवर. "हिलॉक म्हणा. अर्थ सांगा. खरं वाक्य सांगा. मग सूप." आणि हेही बजावलं — "ज्या दिवशी जमेल त्या दिवशी शिकवणी बंद. मी परत वर यायची नाही. सुटलात!" खोटं कशाला बोलू, गेल्या पाच महिन्यांत त्या खोलीत मी पाय ठेवला नव्हता. सगळं नर्सबाईंच्या गळ्यात.

"हि... हि..." एवढंच. हनुवटीवर लाळ. तास भरल्यावर गार सूप भरवलं.

रात्री मस्त झोप लागणार.

९ फेब्रुवारी

"हि... लॉ..." आणि अडले. बरं झालं!

१४ फेब्रुवारी

दादाचा परदेशातून फोन. "तू किती करतेस गं त्यांचं!" म्हटलं, करतेय खरी. त्याला पट्टी कधी बसली नाही, त्याला काय कळणार. करावं तसं भरावं.

१७ फेब्रुवारी

कापड मोजायची लाकडी पट्टी वर नेली. मारलं नाही. पलंगाच्या कठड्यावर नुसती टक्, टक्. त्यांनी डोळे मिटून घेतले. "कसं वाटतं मास्तर?" असंही विचारलं.

लाज वाटली का? वर नाही वाटली. जिना उतरताना थोडी वाटली.

२१ फेब्रुवारी

आज वर गेले तर महाशय चांगला हात लांब करून स्टूल पकडून होते! मी बसू नये म्हणून ढकलत असणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. स्टूल खसकन ओढून लांब घेतलं, हात पोचणार नाही इतकं. त्या ओढाओढीत सूप सांडलं. जे उरलं तेच दिलं.

"हि... हि..." परत पहिल्या दिवसावर! म्हटलं, "अप्पा, डोक्यात ढीग भरलाय तुमच्या." किती वर्षं हे वाक्य पोटात होतं! ते माझ्याकडे बघत राहिले. रडलेबिडले नाहीत. मला वाटलं होतं रडतील.

२८ फेब्रुवारी

वाचाताई निघताना दारात गाठ पडली. मी सहज म्हटलं, एवढे दिवस घासतेय, एक हिलॉक येत नाही त्यांना.

"हिलॉक? अहो, तो तर दुसऱ्याच आठवड्यात आला! अर्थासकट, वाक्यासकट. माझ्यापुढे घडाघडा म्हणतात."

शक्य नाही, म्हटलं.

"मी विचारलं ना त्यांना, मुलीला का नाही म्हणून दाखवत? तर तोंडावर बोट! मग अडखळत म्हणाले — आला म्हटलं, तर ती बसायची नाही." आणि हसल्या. "गमतीचे आहेत हो तुमचे अप्पा!"

आज वर गेले नाही. सूप तसंच ओट्यावर.

१ मार्च

नर्सबाईंना तासभर जास्त थांबायला सांगितलं. सूप त्यांच्याच हाती पाठवलं, गरम. स्टूल खाली आणलंय, मशीनपाशी.

दुपारपासून वरून आवाज येतोय. मोठ्याने, स्वच्छ, इंग्रजीत — आमच्या घरामागे एक हिलॉक आहे. आमच्या घरामागे एक हिलॉक आहे. माझंच वाक्य.

तीन कॉलरी वाकड्या शिवल्या. मशीन थांबवलं नाही.