कार्डावरचा गणपा

सातारा, ४ फेब्रु. १९४६
खिडकीशी वडूजकडचा गणपा. लढाईवरून परतलाय. सहा वर्षांचा पगार आमच्या बँकेत साचलेला, तो काढायचाय. खातं उघडतानाच्या नमुन्याच्या कार्डावरची सही सफाईदार, याची वेडीवाकडी. म्हटलं, "कार्डावरचा माणूस हा नव्हे." मॅनेजरनी कार्ड हातातही घेतलं नाही, माझ्याकडे बोट दाखवलं. "रावसाहेब म्हणाले म्हणजे झालं." बावीस वर्षांत सही ओळखण्यात चुकलो नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

११ फेब्रु.
गणपा बायकोला घेऊन आला, हौसाला. लग्नानंतर दोन महिन्यांतच तो भरती झालेला. "आवं सायेब, ह्योच माझा धनी." कॅशियर तिच्यादेखत म्हणाला, मेलेल्यांची नावं लावून पुष्कळ फिरतात. सगळे हसले. मीही. वर शहाणपण शिकवलं, "बाई, माणूस बदलतो, सही बदलत नाही."
जाताना ती त्याच्या पाठीकडे बघत चालली होती.

२५ फेब्रु.
सांगलीच्या मुख्य कचेरीचं उत्तर: 'साताऱ्याच्या जाणकारांचं मत ग्राह्य.' म्हणजे माझंच मत शिक्का मारून परत!
दुपारी हौसा एकटीच. "खरंच ह्यो त्यो न्हाई व्हय? पयल्यागत हसत न्हाई. तुमी जाणती मानसं, सांगा." म्हटलं, कार्ड तरी तसंच सांगतं.

८ मार्च
१९४० सालच्या भरतीवाल्यांची कार्डं सहज टेबलावर मांडली. नावं वीस, वळण एकच. शेवटचं अक्षर ओढून शेपूट काढायची खोड... माझी.
आठवलं. पोरांना लिहिता येत नव्हतं. अंगठा नको, सहीच हवी, हा सांगलीचा हट्ट. मीच एकेकाचा हात धरून सह्या काढल्या. गणपा लिहायला शिकला तो पुढं, फौजेत. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं पाहिली, स्वतःचं ओळखलं नाही!
मॅनेजरना सांगितलं. दार लावून म्हणाले, "कार्डं जागेवर ठेवा. तुम्ही चुकलात तर आम्ही सगळेच चुकलो."
ठेवली.

१७ मार्च, रविवार
न राहवून वडूज गाठलं, तिथून पायी त्याची वस्ती. हौसा दारात. कपाळ मोकळं. गणपा गोठ्यात शेण काढत होता.
"चूक माझी," म्हटलं. "गणपा हाच."
ती शांतपणे म्हणाली, "परवा धन्याचं तेरावं झालं. पंगतीला ह्यानंच वाढलं."
गणपा खाली बघून म्हणाला, "मीच म्हनलं तिला, उरकून टाक. एवढी शिकलेली मानसं म्हनत्यात, तवा आसंल."
मला तिथं उभं राहवेना. घाईनं कागद काढला. हाच गणपा, असं लिहून खाली सही ठोकली. हौसानं कागद उलटसुलट करून पाहिला.
"ही तरी खरी कशावरनं?"
गणपाही माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यालाही उत्तर हवं होतं.