उदासीच्या गोळ्या आणि छातीची धडधड

सदर, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७४

सौ. प्रेमिलास रुपरावचे अनेक आशीर्वाद.

माझी काळजी करू नकोस, ताईच्या घरी सगळी सोय आहे. उदासीवरच्या गोळ्यांनी झोप लागते, भाकरीही जाते. आईचा खोकला कसा आहे?

ताईने लिहायला लावले म्हणून लिहितो. मागच्या सोमवारी खाटेवरून उठलो, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. छाती धडधडत होती. "काहून उठला गा असा एकदम?" म्हणत ताई रडायलाच लागली.

डॉक्टरांनी बसवून, मग उभे करून रक्तदाब मोजला, कार्डिओग्राम काढला. म्हणाले, "या गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब उतरतो, ठोकेही वाढतात. डोस कमी करतो. पण आपल्या मनाने बंद करू नका."

मी त्या गोळ्यांनाच भ्यालो. चार दिवस गोळ्या उशीखाली लपवल्या. छातीची धडधड थांबली, पण काल पुन्हा जगू नये असे वाटू लागले. मग मीच ताईला सगळे सांगितले. ती लगेच डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता गोळी तीच हातावर ठेवते.

आईला यातले काही सांगू नकोस. घरचा हातमाग बंद राहिला तरी चालेल, पण शनिवारी उमरेडहून सुटणाऱ्या बसने ये. मला एकट्याला भीती वाटते.

तुझा,
रुपराव