वैभवीचं 'व्हय'

४ जून
बारावीचा निकाल लागून महिना होत आला आणि भरतला आज जाग आली. कागलहून फोन. "अक्का, वैभवीचं तूच बघ की. तुला इंग्लिश येतंय." धाकट्या भावाला कामापुरती बहीण आठवते. पोरीला अठ्ठावन्न टक्के. भावजय म्हणते, आता स्थळं बघू. अठ्ठावन्न म्हणजे गुन्हा आहे का? त्या घरात आजवर साठ कोणाला पडलेत? पाठव म्हटलं.

५ जून
वैभवी आली. दोन ड्रेस आणि डबाभर खवा. अबोल. मला 'आत्ती' म्हणते. आत्या म्हण म्हटलं, दोनदा म्हणाली, पुन्हा आत्ती. "दुकानातनं येतो." येतो नव्हे, येते! इकडे बायकाही येतो-जातोच करतात. माझं बोर्डिंगमध्ये पहिल्याच वर्षी सुटलं.
संध्याकाळी सगळं मांडलं. पुणे, हॉस्टेल, इंग्रजी घेऊन बी.ए. घरापासून लांब, भावजयीच्या स्थळांपासून त्याहून लांब. प्रत्येक वाक्याला "व्हय आत्ती." समजूतदार आहे.

८ जून
हाताशी असावं म्हणून इथल्या एका कॉलेजात चौकशी. कारकुनाच्या तोंडात मावा. "अठ्ठावन्नवर काय मिळणार, मावशी?" इंग्रजीत सुनावलं. लगेच खुर्ची आली, चहा आला. वै. सारा वेळ फरशीकडे बघत. बाहेर आल्यावर म्हणते, "त्यो खरं तेच सांगत हुता की." भित्री. पुण्यात धीट होईल.

१० जून
जेवताना वै. विचारते, दुग्धव्यवसायाचा डिप्लोमा असतो म्हणे, तो कसा असतो? घरी गोठाभर म्हशी, तरी हिला आणखी म्हशीच हव्यात! म्हटलं, "म्हशींना इंग्रजी शिकवणार काय?" ती हसली. मीही. बरी कोटी जमली.

१५ जून
पुण्याला जाऊन ॲडमिशन करून आलो. दाखला, मार्कलिस्ट, सगळे मूळ कागद तिथे जमा. झाडं भरपूर, स्वच्छ वर्ग. मलाच पुन्हा शिकावंसं वाटलं. वै. परस्पर कागलला गेली.

२० जून
भरतचा फोन. पोरगी धड जेवत नाही, गोठ्यातून हलत नाही. "अक्का, तिला डेअरीचं शिकायचं हुतं."
मग मला हो कशाला म्हणाली?
"हो कुठं म्हणाली? व्हय म्हणाली आसंल. मोठं माणूस बोलताना पोरं व्हय म्हणत्यात आपल्यात. ऐकतोय म्हणून. तुला म्हाईत न्हाय व्हय?"
माहीत होतं. वडिलांसमोर, आप्पांसमोर, मीही तेच म्हणायचे. बोर्डिंगला जातीस का, विचारलं तेव्हासुद्धा...
आज एवढंच.

२१ जून
कागल. गोठ्यातच गाठली. माझ्याशी बोलताना हात चालूच, वैरण टाकत होती.
"स्पष्ट का नाही सांगितलंस?"
"सांगितलं की. तुम्ही हसला."
"तूही हसलीस."
"मग काय रडायचं, आत्ती?"
 डिप्लोमाची मुदत परवाच संपली. डेअरीच्या कॉलेजातल्या बाईंना फोन लावला. म्हणाल्या, जागा उरल्या तर दुसरी फेरी, पण मूळ कागद हातात पाहिजेत, दुसरीकडचा प्रवेश रद्द पाहिजे. जागा उरतील? "सांगता येत नाही."
आपल्या मनाने काही ठरवायचं नाही असं ठरवून भरतला आणि वै.ला समोर बसवलं. दोन्ही बाजू सांगितल्या. भावजयीने स्थळाचं काढलं, तिला गप्प केलं. वै. म्हणाली, "कागद आणूया."

२४ जून
दोघी पुण्यात. अर्ज, सह्या, कागद मिळाले. फी बुडाली. बुडू दे.
गेटाबाहेर रिक्षा मिळाली तर वै. मागेच. आत जाणाऱ्या एका मुलीने तिला विचारलं, "तूपण फर्स्ट इयर का?" हिने मान हलवली. कुठल्या बाजूला, दिसलं नाही. ती पोरगी हिला काहीतरी सांगत राहिली, ही हसत होती. माझ्याकडे दहा दिवस राहिली, अशी हसलेली पाहिली नाही.
बसमध्ये म्हणते, "आत्ती, हे कॉलेज बी वाईट न्हवतं."
आणि हे आत्ता सांगतेस? ओठांवर आलं, गिळलं. हळूच विचारलं, परत जायचं का? सातारा आला, वै. तशीच. खिडकीला डोकं टेकून होती, पण जागी. कागदांची पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.
डेअरीच्या बाई सोमवारी कळवतील.